सहा वाजायच्या आत सांगायचं होतं

सिंगापूरला पोचले त्या शनिवारी दुपारी मैत्रिणीने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. दार लावलं आणि आधी तिच्या बाबांनी पाठवलेली पिशवी उघडली. वर जवसाची चटणी, मुगवड्या, ज्वारीचे पापड. सगळ्यात खाली घट्ट घडी करून दोरीने बांधलेली गोधडी.

ती तिच्या आईच्या पातळांची होती. मैत्रिणीने ती सोफ्यावर पसरली आणि एकेका तुकड्यावर बोट ठेवून सांगत बसली. हे मामाच्या लग्नातलं. हे मी पहिल्या पगारातून घेतलेलं. हे जांभळं ती दवाखान्यात नेसून गेलती. मग तिने गाल टेकवला आणि रडली, पण सुखाने. डोळे पुसून म्हणाली, "टाके पाह्य व किती बारीक आहेत. कोनं शिवली?"

"मुकुटबनची एक बाई आहे," मी म्हटलं.

त्यात खोटं काही नव्हतं. बाई मुकुटबनचीच. फक्त आठ दिवसांपासून ती मुकुटबनला राहत नव्हती. मारेगावला राहत होती, माझ्या मैत्रिणीच्या घरात, तिच्या बाबांची बायको म्हणून. यवतमाळच्या विवाह नोंदणी कार्यालयात त्या दोघांच्या कागदावर तीन साक्षीदारांच्या सह्या आहेत, त्यातली एक माझी.

हे सांगायलाच मला पाठवलं होतं. म्हणजे मी माझ्या हौसेने, सुट्टी साठवून, आयुष्यात पहिल्यांदा परदेशी निघाले होते. पण निघायच्या आधी हे ओझं माझ्या हातात आलं.

आम्ही दोघी यवतमाळला नर्सिंगच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. ती मारेगावची, कापूस-तुरीच्या शेतकरी घरातली, एकुलती एक. मी फुलसावंगीजवळच्या एका बंजारा तांड्यावरची. आमच्या घरी गोरबोली बोलतात, आईला आम्ही याडी म्हणतो. पहिल्या वर्षी मला मराठीत नीट भांडता यायचं नाही, ते तिने शिकवलं. पुढे ती नागपूरला गेली, तिथून सिंगापूरच्या दवाखान्यात. मला मारेगावजवळच्या आरोग्य केंद्रात नोकरी लागली आणि राहायला तिच्याच घराच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या. अकरा वर्षं झाली. तिच्या घरात मी राहते, ती राहत नाही.

तिची आई गेली त्याला तीन वर्षं होतील. काका, म्हणजे तिचे बाबा, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आई गेल्यावर ते सहा महिने कपाट उघडत नव्हते. मग एक दिवस सगळी पातळं पोत्यात भरून मुकुटबनला घेऊन गेले. तिथे एक विधवा बाई ब्लाउज आणि गोधड्या शिवते, असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. पहिली गोधडी व्हायला महिना लागला आणि तेवढ्यात ते चार वेळा पाहायला गेले. मग दुसरी टाकली. मग तिसरी. घरात माणूस एक आणि गोधड्या पाच झाल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मला बरं वाटलं होतं, हे मी आधीच सांगते. मी रोज संध्याकाळी त्यांचा बीपी घ्यायचे. त्या वर्षी तो पहिल्यांदा जागेवर आला.

"पोरीले कसं सांगू?" हे मात्र ते रोज विचारायचे.

"फोनवर सांगा नं, काका. दर रविवारी तं बोलता."

"फोनवर तिचं तोंड दिसते. तिचं तोंड पाह्यलं का माह्यं तोंड बंद होते." आणि मग, माझं तिकीट निघाल्यावर, "तू जाऊनच राह्यली नं बेटा तिच्याकडं. तूच सांग. समोर बसून सांग."

दर रविवारी संध्याकाळी सहाला ती त्यांना व्हिडिओ कॉल करते. तेव्हा मारेगावात साडेतीन वाजलेले असतात. गेला रविवार नवी बाई सैपाकघरात भांडं न वाजवता पाऊण तास बसून राहिली होती. मी मागच्या दारातून पाहिलं. पदराने तोंड धरून, खोकला आवरत. काका मला म्हणाले, "असं चोरावानी तिले नाही बसवत मी. येत्या रविवारी ती माह्या बाजूले बसन. त्याच्या आत तू सांगून ठेव."

मी शनिवारीच सांगणार होते. पण त्या गोधडीवर गाल टेकवून बसलेल्या माणसाला काय सांगायचं? शनिवार गेला.

रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही तिघं निघालो. ती, मी आणि तिचा नवरा. भाऊजी तिथेच जन्मलेले तमिळ, लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. आमचं बोलणं इंग्रजीत, माझं दवाखान्यातलं इंग्रजी आणि त्यांचं तिथलं. मराठीतले चारच शब्द त्यांना येतात आणि चारही आमच्याकडचे. मैत्रीण काही बोलली की ते कारण विचारल्यासारखं गंभीरपणे म्हणतात, "काहून?"

त्यांच्या इमारतीच्या खाली मोकळी जागा आहे, खांबांवर उभी. तिथे कोणा मलय कुटुंबाचं लग्न होतं. झालरी लागलेल्या, मोठ्या पातेल्यांतून वाफ येत होती. मैत्रीण म्हणाली, "मागच्या आठवड्यात याच जागी चिनी म्हाताऱ्याची मयत होती. तीन दिवस मंत्र चालू. इथं असंच असते. कोनी कोनाले काही म्हणत नाही."

मनात आलं, हीच वेळ आहे. तोंड उघडलं, तर पर्समधला फोन थरथरला. काकांचा आवाजी निरोप. मी फोन तसाच आत ढकलला.

"कोनाचा?"

"दवाखान्यातून आहे."

"रविवारी?"

"लसीकरणाचं काही विचारून राह्यले." त्या दिवसाचं पहिलं खोटं मी तिथे बोलले, आणि दिवसभर त्यावर दुसरी रचत गेले.

मेट्रोत भाऊजींनी मला एक नियम सांगितला. चुकामूक झाली तर जिथे असाल तिथेच थांबायचं, शोधायला निघायचं नाही, आम्ही येतो. मी मान हलवली. मला अर्धंच ऐकू आलं होतं. काकांना तिकडे सात वाजले असतील, चहा झाला असेल, ते फोन हातात धरून ओट्यावर बसले असतील, हेच डोळ्यांपुढे होतं.

पहिल्यांदा आम्ही मारिअम्मन देवीच्या देवळात गेलो. रस्त्यावरूनच गोपुर दिसतं, देवादिकांनी आणि गायींनी गच्च भरलेलं. त्याला लागून हिरवट मनोऱ्यांची मशीद, आणि त्याच रस्त्याने पुढे गेलं की लाल लाकडी बुद्धाचं देऊळ, आत शेकडो लहान मूर्ती आणि उदबत्तीचा धूर. मैत्रीण एकेक गोष्ट दाखवत होती. तिला हे शहर आवडतं, ते दाखवताना तिचा आवाज चढतो. माझं अर्धं लक्ष घड्याळात. काय काय पाहिलं ते मला आता फोटो बघून आठवावं लागतं. प्रत्येक फोटोत मी पर्स पोटाशी धरून उभी आहे.

देवळात तिने डोळे मिटून बराच वेळ हात जोडले. बाहेर येऊन चपला घालताना मी विचारलं, "काय मागतलं?"

"दुसरं काय? बाबाची तब्येत. एकटा आहे तो. तू आहे म्हणून मले झोप लागते."

मी चपलेचा बंद लावत खाली वाकून राहिले. बंद लागलेला होता.

दुपारी जेवायला एका मोठ्या छपराखाली गेलो, जिथे शंभरेक खाण्याच्या टपऱ्या एकत्र आहेत. मैत्रिणीने एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं छोटं पाकीट ठेवलं. म्हणजे ती जागा आपली झाली, कोणी बसत नाही, असं ती म्हणाली. मग ती रांगेत गेली. मी आणि भाऊजी टेबलाशी उरलो. मला तिची पाठ दिसत होती, तिच्यापुढे सात-आठ माणसं.

मला आतून राहवेना. मी भाऊजींना म्हटलं, "फादर. मॅरेज."

त्यांना वाटलं, माझ्या वडिलांबद्दल आहे. त्यांनी अभिनंदन केलं. मी मान हलवून रांगेकडे बोट दाखवलं. "हर फादर."

त्यांना समजायला क्षणभर लागला. मग ते मोठ्याने हसले. हसता हसता रांगेकडे पाहिलं आणि हसू विझलं.

"कधी?"

"झालं. आठ दिवसांपूर्वी."

"तिला माहीत नाही?"

"मी सांगायचंय. सहाच्या आत."

त्यांनी टेबलावरचं रुमालांचं पाकीट दोनदा फिरवलं. मग हळू आवाजात सांगितलं ते असं: घरी सांगू नका. घरी सांगितलं तर ती न्हाणीघरात जाईल, आतून कडी लावेल आणि दोन तास बाहेर येणार नाही, मला नऊ वर्षांचा अनुभव आहे. बाहेर सांगा. जेवण झाल्यावर सांगा. आणि मी बरोबर असताना सांगा.

मला एवढा आधार वाटला की डोळ्यांत पाणी आलं. पण जेवण अर्ध्यात असतानाच त्यांचा फोन वाजला. कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती आणि आत माणसं होती. ते उठले, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणायला गेले, आणि मैत्रीण समोर असल्याने नुसतंच "बस. झालं," म्हणाले. त्यांच्या मराठीचा साठा तेवढाच. ते निघून गेले.

"याले काय झालं?" मैत्रीण म्हणाली.

दोन वाजले होते.

तिथून सोनेरी घुमटाच्या मोठ्या मशिदीकडे गेलो. बायकांना अंगावर घ्यायला तिथे लांब झगे देतात. तो झगा घालून मी फरशीवर बसले आणि मनात वाक्य जुळवलं. 'तुझे बाबा आता एकटे नाहीत.' असं सुरू करायचं ठरवलं. वाक्य चांगलं होतं. बाहेर आल्यावर ती कापडाच्या गल्लीत शिरली आणि बाबांसाठी लुंगी निवडायला लागली. ही निळी का ती हिरवी? बाबाले निळी शोभते. दुकानदार तमिळ मुसलमान होता, म्हातारा, हसरा. त्याने विचारलं, आईसाठी काही? मैत्रीण म्हणाली, आई नाही. त्याने पुढे काही विचारलं नाही, लुंगी कागदात बांधली आणि वर एक लहान रुमाल तसाच ठेवून दिला.

मी ते वाक्य पुढे ढकललं.

पर्समध्ये फोन पुन्हा पुन्हा थरथरत होता. शेवटी एका दुकानाच्या स्वच्छतागृहात जाऊन मी ऐकला. तीन निरोप होते. पहिला, "उठल्या का? सांगतलं का?" दुसरा, "घाई नको करू, पण सांगतलं का?" तिसऱ्यात काका काही बोललेच नाहीत. नुसता श्वास, आणि मागून त्या बाईचा आवाज, "राहू द्या नं, पोरगी फिरून राह्यली असन. तिले फिरू द्या."

मी तोंडावर पाणी मारून बाहेर आले.

साडेचारला आम्ही नदीवर पोचलो. होडीतून शहर पाहायचं होतं, तिकिटं काढली होती, होडीला वीस मिनिटं होती. पाण्यापलीकडे जुनी रंगीत दुकानं आणि त्यांच्या मागे काचेच्या उंच इमारती. मैत्रीण म्हणाली, "थांब इथं, तुहा फोटो काढतो. तुह्या फोनवर काढतो, याडीले दाखवता येईन." आणि फोन मागितला.

मी दिला. खरंच, विचार न करता दिला. दिवसभर पर्समध्ये दाबून धरलेली वस्तू मी स्वतः तिच्या हातात ठेवली आणि कठड्याशी जाऊन हसत उभी राहिले.

तिने फोन डोळ्यांसमोर धरला. एक काढला. "अजून एक," म्हणाली. मग तिचा हात तसाच राहिला. तिने पडद्यावर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्यावर.

"बाबाचा मेसेज आहे," ती म्हणाली. "'सांगतलं का तिले, साडेतीन वाजत आले.' तिले म्हणजे कोनाले? मले?"

तिकडे दोनच वाजले होते. काकांना दम निघत नव्हता.

"काय सांगायचं आहे मले?"

मी काही बोलायच्या आत ती माझ्याजवळ आली आणि माझं मनगट धरलं, नाडी पाहतात तसं. "कॅन्सर आहे का? खरं सांग. कुठला? रिपोर्ट कुठं आहेत? काहून लपवून राह्यले तुमी?"

"नाही. नाही वं. तब्येत चांगली आहे."

"मग?"

"लगन केलं त्यायनं."

जुळवलेलं वाक्य गेलं कुठल्या कुठे. तीन शब्दांत सांगून झालं.

ती हसली. सुटल्यासारखी हसली, कठड्याला टेकून, छातीवर हात ठेवून. "माय वं. मले वाटलं..." मग हसू थांबलं. "लगन म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. मुकुटबन, पातळं, गोधड्या. ती ऐकत होती. मधे एकदाच बोलली, "म्हणजे ती गोधडी." मी हो म्हटलं. ती नदीकडे पाहत राहिली. मग विचारलं, "लगनाले कोन कोन होतं?"

इथे मी गप्प बसू शकले असते. कोणी नाही, दोघंच, असं म्हणता आलं असतं. पण दिवसभर खोटं बोलून मी थकले होते.

"बाईचा भाऊ होता. काकासोबतचे एसटीतले एक जुने ड्रायव्हर होते. अन् मी. साक्षीदार म्हणून सही केली मी."

होडीवाल्याने आमचा नंबर पुकारला. आम्ही यंत्रासारख्या चढलो, शेजारी शेजारी बसलो. होडी निघाली. ध्वनिफितीवर कोणी बाई आधी इंग्रजीत, मग चिनी भाषेत सांगत होती, हा पूल अमका, ही इमारत तमकी. पर्यटक उठून फोटो काढत होते. आम्ही दोघी पुढच्या माणसाच्या टोपीकडे पाहत होतो. मधल्या एका पुलाखालून जाताना अंधार झाला तेव्हा ती बोलली.

"माह्या लगनाले आली नाहीस तू."

मी पर्स पोटाशी ओढली.

"सुट्टी नाही भेटली म्हणे. नऊ वर्षं झाली. मी मानलं. माह्या बाजूनं सही कराले या शहरात कोनी नव्हतं, वार्डातल्या एका फिलिपिनो पोरीनं केली. अन् बाबाच्या लगनाले तू यवतमाळले गेली."

"सुट्टी भेटली होती," मी म्हटलं.

हे मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. त्या वेळी काका माझ्या खोलीच्या दारात आले होते. परदेशातला तमिळ जावई त्यांना नको होता. रागावलेले नव्हते, उलट फार हळू बोलले. जी तिच्या लग्नाला जाईल ती माझ्या घरी राहणार नाही, एवढंच. मी तांड्यावरून आलेली, नोकरी नवी. तेव्हा मारेगावात मला दुसरी खोली मिळत नव्हती. मिळाली असती, पण मी शोधली नाही. अर्ज परत घेतला आणि तिला सुट्टी नाही म्हणून कळवलं. दोन वर्षांनी तिच्या आईने काकांना हट्टाने सिंगापूरला नेलं, जावई आवडला, सगळं गोड झालं. माझं खोटं तेवढं तसंच राहिलं.

होडीत, त्या आवाजात, मी तिला हे सगळं सांगितलं. तिने विचारलं, "तेव्हा त्याले घाबरली. आता त्याले नाही म्हणता आलं नाही का?"

"आता घाबरून नाही केली सही. मनानं केली."

होडी काठाला लागली. ती उतरली आणि चालायला लागली, भरभर. मी मागे. तिने वळून पाहिलं नाही. आम्ही सरकत्या जिन्याने खाली मेट्रोत गेलो, फलाटावर गाडी उभी होती, ती आत शिरली. मी दोन पावलं मागे. दारं मिटली.

काचेतून तिचा चेहरा दिसला, गाडी गेली.

तिने मुद्दाम केलं का, हे मी तेव्हाही विचारलं नाही, नंतरही नाही. मी फलाटावर उभी राहिले. भाऊजींचा नियम आठवला, जिथे असाल तिथेच. माझा फोन तिच्याच हातात होता. आजूबाजूने माणसं जात होती, चिनी, मलय, तमिळ, गोरी. एका आजीने मला काहीतरी विचारलं, मला समजलं नाही, मी हसले. एक गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. पलीकडच्या बाजूला गाड्या येत होत्या, त्यातून उतरणाऱ्या प्रत्येक बाईत मी तिला शोधत होते. मला वाटत होतं की मी दोन्ही घरांतून बाहेर पडलेय.

चौथ्या गाडीनंतर ती पलीकडून आली. हातात माझा फोन आणि लुंगीचं पुडकं. फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, "चाल."

गाडीत बसायला एकच जागा होती, ती तिने मला दिली आणि माझ्यासमोर दांडा धरून उभी राहिली.

इमारतीखालचं लग्न आवरत आलं होतं. खुर्च्या एकात एक रचून ठेवत होते. तिला वर जायचं नव्हतं. आम्ही एका दगडी बाकावर बसलो. सहाला दहा कमी. मग पाच कमी. तिने तिचा फोन मांडीवर ठेवला होता, पालथा.

सहा वाजले. तिने कॉल केला नाही.

सहा वाजून चार मिनिटांनी तिकडूनच आला. तिचा फोन मांडीवर थरथरत राहिला, थांबला, पुन्हा थरथरला, थांबला. मग माझा वाजला. साधा फोन, व्हिडिओ नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ती खुर्च्या रचणाऱ्यांकडे पाहत होती. मी उचलला.

"सांगतलं, काका."

मग, "काय म्हणली?"

"काही नाही म्हणली."

"रडली का?"

"नाही."

"बाजूले आहे का तुह्या?"

"आहे."

मला त्यांच्या घरातला पंखा ऐकू येत होता, त्याची एक पाती घासते. तेवढ्यात मैत्रीण माझ्याकडे न बघता मोठ्याने म्हणाली, "त्याले विचार, दुपारची गोळी घेतली का."

काकांनी ते ऐकलं. "घेतली म्हणाव," ते म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "ती आठवणीनं देते म्हणाव." मग स्वतःच घाईने, "नाही, ते नको सांगू. घेतली एवढंच सांग."

मी एवढंच सांगितलं.

भाऊजी आठ वाजता आले, हाताला ग्रीस. आमची तोंडं पाहून त्यांना सगळं समजलं. ते आत जाऊन भात टाकायला लागले. मैत्रीण न्हाणीघरात गेली, आतून कडी लावली. दोन तास नाही, तासाभराने बाहेर आली.

पुढचे चार दिवस मी तिथे होते. आम्ही अजून एक बाग पाहिली, बाजार पाहिला. तिने मला नीट वागवलं, पाहुणीला वागवतात तसं, आणि तेच मला लागत होतं. वसतिगृहात ती माझ्या ताटातलं उचलून खायची. विमानतळावर तिने मला धरलं, पण पटकन सोडलं.

मारेगावला परत आले तेव्हा नव्या बाईने मला पहिल्यांदा विचारलं ते हे, "पोरीचं घर हवेशीर आहे का?"

चार रविवार फोन झाला नाही. पाचव्या रविवारी झाला, पाच मिनिटांचा. काका एकटेच चौकटीत बसले होते, बाई त्या दिवशी मुद्दाम बाजारात गेली. मग हळूहळू पंधरा मिनिटांपर्यंत आला. बाईचं नाव ना तिने काढलं ना काकांनी. माझ्याकडे मात्र मैत्रीण महिन्यातून एकदा लिहायची, कामापुरतं. बीपी किती, जेवतो का.

डिसेंबरात ती आली. एकटीच, दहा दिवसांसाठी. आली ती पुढच्या दाराने नाही, मागच्या दाराने, माझ्या खोलीत, आणि दोन दिवस माझ्याकडेच राहिली. काका दोन भिंतींपलीकडे. ते सकाळी अंगणात यायचे, ती दात घासत उभी असायची, दोघं हवेबद्दल बोलायचे. बाई रोज दोन वेळा डबा आणून माझ्या उंबऱ्यावर ठेवायची आणि जायची. मैत्रीण जेवायची. पहिल्या रात्री तिने वांग्याच्या भाजीचा शेवटचा घास घेऊन डबा स्वतः घासला, म्हणाली, "भाजी आईसारखी नाही." दुसऱ्या दिवशी काही म्हणाली नाही. तिसऱ्या दिवशी तिने बॅग उचलली आणि पुढच्या घरात गेली. आत काय झालं मला माहीत नाही. भांडणाचा आवाज आला, तिचाच, बराच वेळ. मग काकांचा रडण्याचा. बाईचा काहीच नाही.

माझ्याशी ती तेव्हापासून बोलायला लागली, पूर्वीसारखी नाही, पण बोलायला लागली. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "तू सही केली त्याचा राग नाही मले. तू मले नऊ वर्षं खोटं सांगतलं त्याचा आहे. तो जाईन का नाही, मले माहीत नाही." मी म्हटलं, बरं.

ती जायच्या दोन दिवस आधी बाईच्या भावाने सगळ्यांना मुकुटबनला जेवायला बोलावलं. काकांना ताप होता, ते घरी राहिले. मैत्रीण येणार नाही असं मी धरून चालले होते. सकाळी ती चपला घालून अंगणात उभी. आम्ही तिघी एसटीने निघालो. बाईने तिला खिडकीची जागा दिली, तिने घेतली. बाई मधे, मी कडेला. दोन्ही बाजूला कापसाची वेचणी चालू होती, पऱ्हाटीत बायका वाकलेल्या, पुढे तुरीला शेंगा धरलेल्या. बाई हातातल्या पिशवीचा बंद ओढत होती, सोडत होती. मी खिडकीबाहेर बघायचं म्हणून दोघींच्या पलीकडे बघत होते.

मुकुटबनच्या अलीकडे बाईने भीत भीत बोट दाखवलं. "ते माह्या भावाचं वावर. लिंबाच्या झाडापासून तिकडं."

मैत्रिणीने पाहिलं. गाडी ते शेत ओलांडून बरीच पुढे गेली तेव्हा तिने मान न वळवता विचारलं, "विहिरीले पाणी असते का उन्हाळाभर?"

"एप्रिलपर्यंत असते," बाई म्हणाली. "मंग आटते."

"आमची फेब्रुवारीतच आटते," मैत्रीण म्हणाली.